साठ नग, स्वयंचलित

दुष्काळ माणसाला लागतो, मेंढीला लागत नाय, असं खंडेरावनं पिशोरच्या बाजारात चहाच्या हॉटेलावर सगळ्यांदेखत सांगितलं. त्या दिवशी बाजारात गिऱ्हाइकं कमी आन् मेंढ्या जास्त होत्या. ज्याचा त्याचा कळप विकायला आलेला. खाटीक बाकड्यावर मांडी घालून भाव पाडत होते, आन् मेंढकं खाली बघून व्हय म्हणत होते. खंडेराव एकटाच दुसरा चहा सांगत होता.

"चाळीस कोसातलं गवताचं पान न् पान मला ठावं हाय," तो म्हणला. "तुमी इका. मी शहराच्या पल्याड गायरानात जातो. बाप न्यायचा, आजा न्यायचा. साठ नेतो, पावसाळ्याला सत्तर आणतो."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. संगं बायको शीला, म्हातारी आई म्हाळसाबाई, बिऱ्हाड लादलेलं एक घोडं आन् साठ मेंढ्या. फुलंब्रीच्या रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंना कपाशीच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. विहिरीत डोकावलं तर तळाशी चप्पल दिसायची. म्हाळसाबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, तो तिनं तारेनं बांधला, मग तार टोचायला लागली म्हणून चप्पल हातात घेतली आन् डांबर भाजायला लागलं म्हणून परत पायात घातली. शीला सातवी शिकलेली होती, ती मैलाचे दगड वाचून सांगायची आन् खंडेराव म्हणायचा, दगडाला काय कळतं, गायरान जवळच हाय.

पाचव्या दिवशी दुपारी ते शहराला वळसा घालून पल्याड पोचले. गायरान जिथं असायला पायजे तिथं सहा पदरी रस्ता होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मधोमध दिव्यांचे खांब, आन् भर दुपारी सगळे दिवे लागलेले. रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत जाऊन एका मातीच्या ढिगाला टेकला होता. खंडेरावचे डोळे पांढरे झाले. त्यानं काठी रस्त्यावर आपटून बघितली. रस्ता खरा होता.

म्हाळसाबाई दुभाजकावर बसली. पाय चोळत म्हणली, "पान न् पान कुठंय रं?"

पान मात्र होतं. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी होती आन् जाळीच्या आत गवत होतं. चाळीस एकर. हिरवं, ओलं, गुडघाभर. पाच दिवस हिरवं काय बघितलं नव्हतं, त्यामुळं तिघांना आधी ते खरं वाटलंच नाय. गवतात फवारे फिरत होते आन् पाण्याला जरासा नालीचा वास येत होता. जाळीला पुढं मोठी कमान होती, वर लिहिलेलं शीलानं वाचलं: विकास पट्टा प्राधिकरण. कमानीला कुलूप होतं. पण कमानीपासून दोनशे पावलांवर जाळी संपत होती, कारण पुढच्या जाळीचा पैसा पुढच्या टप्प्यात होता. हे माणसांच्या ध्यानात यायच्या आधी मेंढ्यांच्या आलं.

कचरू नावाचा राखणदार शिट्टी फुंकत पळत आला तवर साठच्या साठ मेंढ्या आत होत्या, आन् त्यांचं फक्त पाठीचं टोक दिसत होतं. कचरूनं शिट्टी तोंडातनं काढली. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण तो इतका हबकला होता, की त्यानं फोन काढला आन् साहेबाला सांगितलं, साहेब, गवत हलायलंय.

साहेब जीपमधनं आले. श्रीनिवास साहेब, पन्नाशीचे, चष्मा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी होती. आजोबा निजामाच्या वेळी मोडीत दफ्तर लिहायचे, हे त्यांनी पुढं तासाभरात दोनदा सांगितलं. खंडेरावनं फेटा काढून हातात घेतला आन् बोलणी खायला तयार राहिला. साहेब मात्र मेंढ्यांनी खाल्लेल्या पट्ट्याकडं बघत उभे राहिले. पट्टा एकसारखा, बोटभर उंचीचा, न्हाव्यानं मशीन फिरवल्यासारखा. साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं.

त्यांची अडचण अशी होती. आठ दिवसांनी परदेशातले पाहुणे येणार होते, कारखान्यासाठी जागा बघायला. पट्ट्यात रस्ता होता, दिवे होते, गवत होतं. कारखाना एकही नव्हता. आन् गवत इतकं वाढलं होतं, की मागच्या आठवड्यात त्यात दोन साप आन् एक हरवलेला ठेकेदाराचा माणूस सापडला होता.

"मंग कापा की," म्हाळसाबाई म्हणली.

"आजी, गवत लावायचे पैसे भांडवली खर्चातून येतात. ते आले. कापायचे पैसे महसुली खर्चातून यावे लागतात. ते आले नाहीत."

"मंग लावलं कशापाई?"

"आलेले पैसे खर्च केले नाहीत तर परत जातात ना."

म्हातारीनं शीलाकडं बघितलं. शीलानं पदर तोंडाला लावला. साहेबांना वाटलं त्यांना समजलं नाय, म्हणून त्यांनी नीट समजावून सांगितलं. रस्ता आला, की कारखाना येतो. कारखाना आला, की रोजगार येतो. रोजगार आला, की कर येतो, आन् कर आला, की सरकारला नवीन रस्ता करता येतो. म्हातारीनं विचारलं, कारखाना आला नाय तर? साहेबांनी थोडा विचार केला आन् म्हणले, तर अजून एक रस्ता करावा लागतो.

मशीनं घ्यायला मात्र पैसा होता, कारण मशीन म्हणजे भांडवल. तीनदा निविदा काढली होती. तिन्ही वेळा कुणी आलं नव्हतं, कारण आधीच्यांची बिलं अजून निघाली नव्हती. साहेब बोलता बोलता थांबले. मेंढ्यांकडं बघितलं. खंडेरावकडं बघितलं. मग एकदम हळू आवाजात विचारलं, ह्या किती दिवस राहतील?

खंडेरावच्या जिवात जीव आला. ही बोलणी त्याच्या ओळखीची होती. मेंढकं शेतकऱ्याच्या रानात वाडा बसवतात. मेंढ्या रानात बसतात, लेंड्या-मुतानं रान खतावतं, शेतकरी त्याबदल्यात मेंढक्याला पायलीनं धान्य देतो आन् पाणी देतो. बोली ठरली, की शेतकरी नारळ देतो. नारळ घेतला, की विषय संपला. कुणी कागद करत नाय, कारण मेंढ्या कुणाच्या हा प्रश्नच कुणाला पडत नाय. खंडेरावनं साहेबांना पायली सांगितली. साहेब म्हणले, धान्याला आमच्याकडं लेखाशीर्ष नाही. मग गवत आन् पाणी, यावर ठरलं. म्हाळसाबाईनं नारळ मागितला. साहेबांनी कचरूला पिटाळलं. नारळ आला. त्याची पावती साहेबांनी खिशात ठेवली.

संध्याकाळी चार पानांचा कागद आला. खंडेराव जाळीला टेकून बसला होता, शीलानं कागद घेतला आन् बोट ठेवून वाचला. गवत कापणी संच, स्वयंचलित, इंधनविरहित, नग साठ. पुरवठादार, श्री. खंडेराव. ती थबकली.

"साहेब, हे पुरवठादार काय?"

"ती कागदाची भाषा हो ताई. वीज मंडळाच्या बिलात आपण ग्राहक असतो, इथं पुरवठादार. कागदाला माणूस कळत नाही."

तिनं नवऱ्याला बाजूला नेलं. म्हणली, ह्यात मेंढी हा शब्द कुठंच नाय. खंडेराव म्हणला, नारळ घेतला का नाय? घेतला. मग आता कागदाचं काय वाचायचं, उद्या तू घोड्याची पत्रिका बघशील. त्यानं सही केली. त्याची सही म्हणजे खं आन् पुढं एक लांब रेघ.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. सरकारी वस्तूवर नंबर पायजे. त्यानं प्रत्येक मेंढीच्या पाठीवर लाल रंगानं आकडा काढला. मेंढ्या हलायच्या, त्यामुळं सव्वीसचा शहाऐंशी झाला आन् तो पुसता येईना. मग साहेबांनी नोंदवहीत टीप लिहिली, की नग क्रमांक सव्वीस शहाऐंशी समजावा. नोंदवहीचं नाव जडवस्तू संग्रह. टेबल, खुर्च्या, पंखे, आन् त्याखाली खंडेरावच्या मेंढ्या.

खंडेराव यंत्रचालक झाला. त्याला गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं आन् डोक्याला पिवळं टोपडं, प्लॅस्टिकचं, कारखान्यात घालतात तसलं. फेट्यावर ते बसेना. कचरू म्हणला, साहेबांचा हुकूम हाय, बिगर टोपीचा माणूस आत दिसला तर माझी नोकरी जाईल. खंडेरावनं फेटा सोडला आन् टोपी घातली. जन्मात पहिल्यांदा तो बिगर फेट्याचा कळपात गेला आन् पहिल्यांदाच त्याच्या मेंढ्यांनी त्याला ओळखलं नाय. कळपातल्या मोठ्या नरानं लांबनं धाव घेतली आन् त्याच्या मांडीवर अशी धडक दिली, की यंत्रचालक फवाऱ्यावर पडला. चार दिवस लंगडत होता. कचरूनं त्याची नोंद अपघातात न करता यंत्राच्या चाचणीत केली.

कामाचं म्हणाल तर कमी नव्हतं. पहाटे शीला फवारे बंद करायची, नायतर ओल्या गवतानं मेंढ्यांची पोटं फुगायची. मग खुरातले खिळे काढायचे. गवतात बांधकामाचे खिळे मापानं होते. दुपारी नांगी टाकलेली म्हातारी खांबाच्या सावलीत बसायची, आन् सावली सरकली की तीही सरकायची, संध्याकाळपर्यंत दोन हात. पाहुण्यांसाठी काचेची एक इमारत होती. तिच्यात आठ संडास होते, संगमरवरी. पाणी नव्हतं, कारण पाणी गवताला होतं. तिघं मातीच्या ढिगामागं जायची.

पाहुणे आले. चार गोरे, एक बाई. रस्ता बघितला, दिवे बघितले, मान हलवली. मग मेंढ्या दिसल्या आन् पाचही जण गाडीतनं उतरले. बाईनं नग क्रमांक अकराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. एकानं विचारलं, याला वीज किती लागते? श्रीनिवास साहेब ताठ उभं राहून म्हणले, शून्य. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, की शहराच्या पट्ट्यात हरित तंत्रज्ञान. कारखान्याचं पाहुणे काय बोलले नायत. पण साहेबांना वरनं शाबासकी आली आन् त्यांनी खंडेरावला अख्खा पाव किलो पेढा दिला. खंडेरावनं पिशोरला फोन लावून हॉटेलवाल्याला पेपर वाचायला सांगितलं.

त्याच आठवड्यात नग क्रमांक चौतीस मेली. म्हातारी मेंढी होती, तिचं व्हायचंच होतं. खंडेराव खड्डा खणायला लागला तर कचरूनं कुदळ धरली. सरकारी वस्तू अशी पुरता येत नाय. आधी निर्लेखन, म्हंजी वहीतनं नाव काढणं. त्याला समिती बसते, समितीत तीन जण, त्यातला एक रजेवर. सात दिवस मेंढी उन्हात पडून राहिली. तिच्यावर साहेबांनी ताडपत्री टाकायला लावली, ताडपत्रीवर विटा. वाऱ्याची दिशा बदलली, की काचेच्या इमारतीतले कारकून नाकाला रुमाल लावून फायली वाचायचे. आठव्या दिवशी समिती आली, लांबनं बघितलं आन् लिहिलं, दुरुस्तीपलीकडे.

म्हाळसाबाईला हे सहन झालं नाय. तिनं त्या दिवशी भाकरी खाल्ली नाय. मेलेलं जनावर मालकाला पुरू देत नायत, ही कसली बोली, असं ती पोराला विचारत राहिली. खंडेराव म्हणला, सरकारी रान हाय, त्यांच्यात तशी रीत असल.

मग मेंढ्या व्यायल्या. चार दिवसांत अकरा कोकरं. शीलाच्या लुगड्याला वारेचा-रक्ताचा वास आन् तोंडावर हसू. तिनं कौतुकानं एक कोकरू उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला.

"किती झाली अशी?"

"अकरा. सगळी धडधाकट."

साहेब खुर्चीत बसले. मग शांतपणे त्यांनी सांगितलं, की वस्तू कमी भरली तर खुलासा देता येतो, हरवली म्हणता येतं, मोडली म्हणता येतं. वस्तू जास्त भरली तर खुलासाच नाही. जास्त वस्तू म्हणजे कुणीतरी मंजुरीशिवाय खरेदी केली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडं कधी एक खुर्ची जास्त भरली नव्हती. शीला कोकरू पोटाशी धरून उभी राहिली. तिला एवढंच समजलं, की आपल्या घरात पोर झाल्याचं साहेबांना वाईट वाटलंय.

मार्च आला. तपासणीला मनस्विनी मॅडम आल्या, मुंबईच्या, वयानं लहान आन् आवाजानं त्याहून लहान. त्या दिवशी कोकरं काचेच्या इमारतीतल्या सभागृहात कोंडली होती. मॅडमनी एकोणसाठ नग मोजले, एका निर्लेखनाचा कागद बघितला, सगळं जुळलं. साहेबांनी घाम पुसला. चहा घ्यायला म्हणून मॅडमनी सभागृहाचं दार उघडलं. आत गादीच्या खुर्च्यांवर अकरा कोकरं बसली होती आन् एक जण माईकची वायर चघळत होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी दार परत लावून घेतलं आन् फाईल मागितली. चारही पानं वाचली. मग खंडेरावला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन आला, मागं शीला, मागं म्हातारी.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही या मेंढ्या प्राधिकरणाला विकल्यात, बरोबर?"

खंडेराव हसला. त्याला वाटलं, मुंबईची बाई हाय, तिला वाडा बसवणं ठावं नसणार. त्यानं तिला सगळं नीट सांगितलं, नारळापासनं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग सहीवर बोट ठेवलं. खं आन् रेघ. त्या म्हणल्या, कागदाप्रमाणे साठ नगांची विक्री झाली आहे. त्या सरकारच्या मालकीच्या आहेत. परवानगीशिवाय कुणी हलवल्या तर सरकारी मालमत्तेची चोरी, त्याला कैद आहे.

शीला खाली बसली. म्हाळसाबाई मात्र पुढं झाली.

"वाडा बसवला म्हंजी मेंढ्या दिल्या व्हय? उद्या मी तुमच्या ओट्यावर बसले तर मी तुमची झाले व्हय, बाई?"

मॅडमनी श्रीनिवास साहेबांकडं बघितलं. साहेबांनी चष्मा काढला होता. त्यांनी मेंढ्या परत करायचं बोलून बघितलं. मॅडम म्हणल्या, खरेदी रद्द केली तर खर्च रद्द होतो, खर्च रद्द झाला तर निधी अखर्चित राहतो, आन् अखर्चित राहिला तर विचारणा तुम्हाला. साहेबांनी चष्मा परत घातला. मग पैसे तरी द्या, असं शीला खालूनच म्हणली. बिल साहेबांनी आधीच वर पाठवलं होतं. बँकेतलं नाव खंडेराव, कागदावर श्री. खंडेराव, त्यामुळं ते दोनदा परत आलं, आन् एकतीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता निधी संपला. पैसा आला तिथं परत गेला. मेंढ्या राहिल्या सरकारकडं.

खंडेराव त्या दिवसापासनं बोलायचा थांबला. झोपताना टोपी काढायचंही विसरला. शीलानं ठरवलं, की गवत हाय तवर मेंढ्या डोळ्यापुढं तरी हायत. राखू, पावसाळ्यात बघू. साहेबांनीही गुपचूप तसंच सांगितलं होतं. नग नोंदवहीत राहतील, तुम्ही मेंढ्यांजवळ रहा, दोन-तीन वर्षांत आयुर्मान संपलं असं दाखवून टाकतो. माणूस वाईट नव्हता.

पण एप्रिलात वरनं पत्र आलं. पेपरातला फोटो कुणीतरी वर बघितला होता. पत्रात म्हणलं होतं, की विभागातली सगळी स्वयंचलित यंत्रं एकट्या शहरात एकवटली आहेत. शहरात एकोणसाठ, सोयगाव तालुक्यात शून्य. म्हणजे सोयगावचा अनुशेष शंभर टक्के. प्रादेशिक समतोलासाठी सर्व नग तात्काळ सोयगावला वळते करावेत.

साहेबांनी फोन करून विचारलं, की सोयगावला गवत आहे का? तिकडनं उत्तर आलं, गवताचा प्रस्ताव पाठवलाय, आधी यंत्रं तर येऊ द्या.

दोन ट्रक आले. फळ्या लावून मेंढ्या वर चढवल्या, एकीच्या अंगावर एक. कोकरं चढवू दिली नायत. पत्रात त्यांचा उल्लेख नव्हता. ट्रक सुरू झाले तशा आया आतनं ओरडायला लागल्या आन् कोकरं खालनं. यंत्रचालकाची बदली पत्रात नव्हती, त्यामुळं खंडेरावलाही बसू दिलं नाय. सहा पदरी रस्त्यावर त्या दिवशी पहिल्यांदा भरलेले ट्रक धावले, आन् त्यांच्यामागं खंडेराव पळाला, मातीच्या ढिगापर्यंत; तिथनं ट्रक कच्च्या वाटेनं वळले.

कोकरं दुधाची होती. शीलानं कचरूच्या घरनं गाईचं दूध आणलं, चिंधीनं पाजलं, त्यातल्या तीन कोकरांनी ते ओकलं. म्हाळसाबाई म्हणली, आई पायजे. घोडं कचरूकडं ठेवलं, बिऱ्हाडाचं गाठोडं उचललं आन् काळी-पिवळी जीप ठरवली. ड्रायव्हरनं कोकरांना मागच्या सीटवर घेतलं आन् माणसांना टपावर बसवलं. म्हणला, लेकरं पडतील. सोयगावात पोचेस्तोवर म्हातारीच्या केसांचा झाडू झाला होता.

प्राधिकरणाचं गोदाम गावाबाहेर, माळावर होतं. पत्र्याचं, नवं. दाराला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाखेचं सील. आसपास कुणी नाय. शीलानं एका गुराख्याला विचारलं, तो म्हणला, तीन दिवसांमागं यंत्रं आली, गवत उगवल्यावर उघडणार हायत. किल्लीवाला प्रशिक्षणाला गेलाय.

आत काहीच आवाज नव्हता. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. मग शीलाच्या कडेवरचं एक कोकरू ओरडलं, बारीक, आन् गोदामाच्या आतनं खोल कुठंतरी एक घोगरा आवाज आला. मग दुसरा. मग अख्खा पत्रा आतनं वाजायला लागला.

खंडेराव पळाला ते थेट गोदामाच्या मागल्या बाजूला. मागचा पत्रा ठेकेदारानं चार बोल्टांऐवजी दोनच बोल्टांवर बसवला होता. आतनं मेंढ्या ढकलत होत्या, बाहेरनं खंडेराव ओढत होता. खालचा बोल्ट सुटला. बिळातनं उंदरं निघावीत तशा मेंढ्या निघाल्या, डोळे तांबडे, जिभा बाहेर. कोकरं त्यांच्या पोटाखाली घुसली. शीला भांड्यानं पाणी तोंडात घालत होती आन् रडत होती, आन् म्हातारी एकेकीच्या डोक्यावरनं हात फिरवत आकडा म्हणत होती. छप्पन्न. तिघी आत आडव्याच राहिल्या. खंडेरावनं पत्रा परत बोल्टावर बसवला. पुढच्या दाराचं सील जसंच्या तसं होतं.

आता मेंढ्या सरकारी होत्या आन् ते चोर होते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात बाभळीखाली बसून त्यांनी विचार केला. पाठीवरचे लाल आकडे लांबनं दिसत होते. शीला उठली. तिनं बिऱ्हाडातली कातर काढली, दगडावर घासली, आन् नग क्रमांक अकराला दोन गुडघ्यात धरून पाठीवरनं कातर फिरवायला सुरुवात केली. आकडा लोकरीसकट खाली पडला. खंडेरावनं दुसरी कातर घेतली. दीड दिवस दोघं कातरत होती. बोटांना फोड आले, फोड फुटले, त्यांना तेल लावलं आन् परत कातर धरली. शेवटी छप्पन्न मेंढ्या उघड्या झाल्या, पांढऱ्या, लाजल्यासारख्या. लाल आकडे वाळूत पुरले.

म्हाळसाबाई आभाळाकडं बघत होती. म्हणली, कातरलेल्या अंगाला दहा दिवस जपावं लागतं. खंडेरावला वाचा फुटली. म्हणला, "दोन साल आभाळ थुकलं नाय, आई. आता काय थुकतंय?" पिशोर घाट चढून दोन दिवसांवर होतं. ते निघाले.

घाटाच्या अर्ध्यावर दुपारी तीनला अंधारलं. आधी वारा आला, मग वाऱ्यात बर्फाचा वास, मग गारा. लिंबाएवढ्या. उघड्या पाठींवर त्या पडताना ओला टॉवेल आपटल्यासारखा आवाज येत होता. शीला कोकरांवर घोंगडी टाकून त्यावर आडवी पडली. खंडेराव मेंढ्यांना खडकाच्या आडोशाला हाकायला बघत होता, पण त्या थिजून जिथल्या तिथं उभ्या राहत आन् मग गुडघ्यावर बसत. पाऊण तासानं ऊन पडलं. सगळीकडं पांढरं होतं, आन् त्यात कुठली गार आन् कुठली मेंढी हे लांबनं कळत नव्हतं. एकोणीस मेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी आन् ग्रामसेवक आले. गारपिटीच्या पंचनाम्याचा हुकूम होता, मेलेल्या जनावराला भरपाई होती. तलाठ्यानं मोबाईल काढला, एकोणीसांचे फोटो घेतले आन् विचारलं, मेंढ्या कुणाच्या?

खंडेरावनं तोंड उघडलं. शीलानं मागनं त्याचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. म्हातारी दुसरीकडं बघत होती. तलाठ्यानं परत विचारलं. तिघांपैकी कुणी बोललं नाय. त्यानं रकान्यात बेवारस लिहिलं. मग जित्या उरलेल्या सदतीस आन् अकरा कोकरांकडं बघितलं, आन् त्याही त्याच रकान्यात घातल्या.

बेवारस जनावरं खालच्या गावातल्या कोंडवाड्यात नेली. तिघं मागनं चालत गेली. कोंडवाड्याला चार भिंती होत्या, दार नव्हतं. ते दोन वर्षांमागं मंजूर झालं होतं. ग्रामसेवकानं इकडं तिकडं बघितलं, आन् रिकाम्या हातानं उभा दिसला म्हणून खंडेरावला दाराच्या जागी हात पसरून उभं केलं.